बिलावर विक्रेता म्हणून नाव कुणाचं? एका मराठी कादंबरीची परदेशातली ईबुक विक्री

हे नमुना प्रकरण आहे. पण यातली प्रत्येक अडचण मुंबईतल्या स्वयंप्रकाशित लेखकांच्या वाट्याला हमखास येणारी आहे.

लेखिका दादरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. गिरणगावावरची त्यांची ३२० पानांची कादंबरी २०१३ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने छापली. आवृत्ती संपली, पुन्हा निघाली नाही. पुढे त्यांनी स्वतःच ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर तिचं ईबुक काढलं. मुलुंडच्या एका मैत्रिणीने इंग्रजी अनुवाद केला, तोही तिथेच चढवला. दोन्ही ईबुकं 'केडीपी सिलेक्ट' या, फक्त ॲमेझॉनवरच विकण्याची अट असलेल्या योजनेत आहेत. आता न्यू जर्सी, लंडन, म्युनिक, मेलबर्न इथून विचारणा होते: "आमच्याकडे कोबोचा ई-रीडर आहे, त्यावर मिळेल का?", "लायब्ररीतून वाचता येईल का?", "सरळ फाइलच विकत द्याल का?"

अशा वेळी बहुतेक जण दुकानांची यादी शोधायला बसतात. ती यादी सहज मिळते आणि तिने फारसं काही ठरत नाही. ठरवायचं असतं ते वेगळंच: प्रत्येक विक्रीत ग्राहकाच्या बिलावर विक्रेता म्हणून नाव कुणाचं? कोबो, ॲपल बुक्स किंवा गूगल प्ले बुक्सवर विक्री झाली तर ग्राहकाशी व्यवहार त्या दुकानाचा असतो. ग्राहकाच्या देशातला कर तेच भरतात, पैसे परत मागितले तर तेच पाहतात आणि लेखिकेला फक्त रॉयल्टी येते. स्वतःच्या पानावरून फाइल विकली तर विक्रेत्या लेखिका ठरतात. मग म्युनिकच्या ग्राहकाचा व्हॅटही त्यांच्याच गळ्यात येतो, मधल्या सेवेने तो अंगावर घेतला नसेल तर. कर, किंमत, परतावा, हिशेब हे सगळं या एका उत्तरावरून ठरतं.

आधी हक्क

प्रकाशकाशी झालेला करार दोन पानांचा आहे. त्यात 'पुस्तकाच्या आवृत्त्या काढण्याचा हक्क' दिलाय. मुदत लिहिलेली नाही, प्रदेशही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे लेखिकेच्या बाजूने उभं राहतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असं गृहीत धरतात. म्हणजे २०१३ चा करार २०१८ मध्येच संपला आणि परदेशातले हक्क मुळात गेलेच नव्हते. तरीही प्रकाशकाकडून 'या पुस्तकाचे सर्व हक्क लेखिकेकडे असून आमची हरकत नाही' असं चार ओळींचं पत्र सहीनिशी घ्यावं. एखादं दुकान हक्कांचा पुरावा मागतं तेव्हा कलमांपेक्षा हे पत्र पटकन कामाला येतं. मुखपृष्ठाचं चित्र चित्रकाराचं असतं. छापील आवृत्तीसाठी दिलेली परवानगी ईबुकला लागू होते असं समजू नये, वेगळी लेखी परवानगी घ्यावी.

खरा खड्डा अनुवादात आहे. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर "काढ ना तू, माझी काय हरकत!" एवढंच लिहिलंय. अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिचा कॉपीराइट अनुवादिकेचा. हेच कलम १९ परवान्यांनाही लागू होतं. म्हणजे ज्या गृहीतकाने प्रकाशकाबाबत लेखिकेला वाचवलं, तेच इथे उलटतं. प्रदेश न लिहिता नुसती परवानगी घेतली, तर ती भारतापुरतीच धरली जाईल आणि पुस्तक विकायचंय परदेशात. करारात एवढं तरी स्पष्ट हवं: 'सदर इंग्रजी अनुवाद ईबुक, मुद्रित व ध्वनिपुस्तक या स्वरूपांत, संपूर्ण जगात, दहा वर्षांच्या मुदतीसाठी प्रकाशित व वितरित करण्याचा हक्क, मोबदला म्हणून लेखिकेस प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या अमुक टक्के, दर सहा महिन्यांनी.' मोबदला लिहिणं ही कायद्याचीच अपेक्षा आहे. मैत्री टिकवायची असेल तर तो आकडा कागदावर असलेलाच बरा.

सिलेक्टमधून बाहेर पडणं

केडीपी सिलेक्टमध्ये असलेलं ईबुक ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकता येत नाही आणि फुकटही देता येत नाही. लेखिकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. फक्त सुमारे १० टक्क्यांपर्यंतचा नमुना चालतो. छापील पुस्तकाला हे बंधन नाही. मुदत संपली की नोंदणी आपोआप पुढे सरकते, म्हणून आधी केडीपीच्या डॅशबोर्डवर आपोआप नूतनीकरणाची खूण काढायची, मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवायची आणि ती उलटल्यावरच दुसरीकडे पुस्तक चढवायचं. बरेच जण खूण काढतात आणि त्याच संध्याकाळी कोबोवर फाइल टाकतात. तो नियमभंग ठरतो आणि त्यात खातंच अडचणीत येऊ शकतं. सिलेक्टमध्ये जाण्याआधी एखाद्या मित्राच्या साइटवर ठेवलेली जुनी मोफत प्रतही याच कारणाने अंगाशी येते.

बाहेर पडायची किंमत आहे, आणि मराठी लेखकाला ती जास्त बसते. भारतातल्या ग्राहकांना झालेल्या विक्रीवर केडीपी ७० टक्के रॉयल्टी देते ती पुस्तक सिलेक्टमध्ये असेल तरच. नाहीतर ३५ टक्के. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियात मात्र ठरलेल्या किंमतपट्ट्यात सिलेक्ट नसतानाही ७० टक्के मिळतात. सिलेक्टची नोंदणी प्रत्येक ईबुकाची वेगळी असल्यामुळे दोन्ही पुस्तकांना एकच निर्णय लावायची गरज नाही. केडीपीच्या अहवालात देशवार विक्री दिसते. मराठी आवृत्तीचे खरेदीदार मुख्यतः भारतातले आणि इंग्रजीचे मुख्यतः बाहेरचे असतील, तर इंग्रजी आवृत्ती याच मुदतीनंतर बाहेर काढावी. मराठी आवृत्ती आणखी एक मुदत आत राहू द्यावी. तिची फाइल दुरुस्त व्हायला तेवढा वेळ लागणारच आहे.

मराठी फाइल: सगळ्यात जास्त काम इथे

२०१३ च्या पुस्तकाची जुळणी पेजमेकरमध्ये, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झाली होती. अशा फाइलीत 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. एखाद्या रोमन अक्षरावर चढवलेलं 'क'चं चित्र असतं. परिवर्तकाने ते युनिकोडमध्ये आणता येतं, पण चुका ठरावीक जागी होतात आणि त्या जागा माहीत असतील तर तपासणी निम्म्या वेळात होते. रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या व्यंजनावर जाऊन बसते. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, आणि शब्द दोन्ही खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसाला ते कळत नाही. म्हणून 'र्या', 'र्हा', 'र्‍या' हे तुकडे शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहावं. 'ॲ' काही ठिकाणी एकाच अक्षराने तर काही ठिकाणी 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला निघतो. पुस्तकभर एकच पद्धत ठेवावी, नाहीतर शोध घेतल्यावर अर्धेच उल्लेख सापडतात. छापील पानाच्या माथ्यावरचं शीर्षक, पृष्ठक्रमांक आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडताना घातलेल्या आडव्या रेघा मजकुरात मिसळतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

मग ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ईबुकची फाइल. पीडीएफ फोनवर वाचवत नाही: पान आक्रसतं, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबमध्ये भाषेचा कोड दोन जागी मराठीचा हवा, पुस्तकाच्या माहितीत आणि प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी. तो हिंदीचा राहिला किंवा नुसता इंग्रजीचा असला, तर काही फाँट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात, आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर भलत्याच उच्चारांत वाचतो. फाँट आत घालायचा असेल तर परवाना तपासावा. डीटीपीवाल्याकडचा विकतचा फाँट छपाईसाठी घेतलेला असतो; ईबुकात भरून जगभर वाटण्याची मुभा त्यात असेलच असं नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' हे खुल्या परवान्याचे फाँट निर्धास्त वापरता येतात. दुसऱ्यात मराठी वळणं मुळातच आहेत, म्हणून ललित गद्याला तो अधिक शोभतो.

दोन्ही कडा सरळ करणारी जुळणी देवनागरीत फोनवर वापरू नये. मराठी शब्द लांब असतात, अरुंद ओळीत दोन-तीनच मावतात आणि मधे भोकं पडतात. डावी कड सरळ ठेवावी, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट, मुखपृष्ठ १६०० बाय २५६० पिक्सेल. 'ईपबचेक' या मोफत साधनाने तपासून शून्य चुका येईपर्यंत फाइल कुठेही चढवू नये. 'ईपबचेक'ला मात्र जोडाक्षरं तुटलेली कळत नाहीत. त्यासाठी आयफोन, साधा अँड्रॉइड फोन, किंडल आणि शक्य तर कुणाकडचा कोबो अशा प्रत्यक्ष यंत्रांवर तीच पाच पानं उघडून पाहावीत. ई-रीडरवर देवनागरीचं चित्रण अजून सगळीकडे सारखं नाही. 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्ह', 'द्ध्य', 'र्त्स्य' असलेलं एक चाचणीचं पान बनवून ठेवलं की दोन मिनिटांत निकाल लागतो.

युरोपात विकायचं तर आणखी एक गोष्ट. युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि ईबुकं त्याच्या कक्षेत येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी आणि २० लाख युरोपर्यंत उलाढाल असलेल्या सूक्ष्म सेवादात्यांना सूट आहे, त्यामुळे लेखिकेवर थेट बोजा नाही. पण अनुक्रमणिका, योग्य पातळीची शीर्षकं, चित्रांचं वर्णन आणि सुगम्यतेची माहिती फाइलीत भरणं हे काम तासाभराचं आहे, आणि दृष्टिहीन वाचकाला मराठी कादंबरी कानांनी वाचता येणं हे त्या तासापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

कुठे, कितीला, हातात किती

इंग्रजी आवृत्तीची किंमत ५.९९ डॉलर, फाइल २ एमबी धरू. केडीपी अमेरिकेत दर एमबीला १५ सेंट पोचवणीखर्च किमतीतून वजा करून उरलेल्याचे ७० टक्के देते: ५.६९ चे ७० टक्के, म्हणजे ३.९८ डॉलर. कोबो रायटिंग लाइफवर थेट खातं उघडलं तर २.९९ डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला ७० टक्के आणि पोचवणीखर्च नाही: ४.१९. ॲपलही ७० टक्के देतं; पण तिथे ड्राफ्ट२डिजिटल या वितरकामार्फत गेलं तर वितरक किमतीचे सुमारे १० टक्के ठेवतो आणि हातात ३.५९ येतात. साठ सेंट सोडून काय मिळतं? एकाच फाइलीतून ॲपल, बार्न्स अँड नोबल, जर्मनीतलं टोलिनो आणि वाचनालयांना पुरवठा करणारं ओव्हरड्राइव्ह. या सगळ्यांची वेगवेगळी खाती सांभाळण्यापेक्षा हे स्वस्त आहे. म्हणून इंग्रजीसाठी कोबो आणि गूगल प्ले थेट, बाकी वितरकामार्फत. मराठी आवृत्ती बाहेर आली की तीही कोबो आणि गूगल प्लेवर थेट द्यावी, म्हणजे भाषेची नोंद आणि फाइल आपल्या ताब्यात राहते. पुण्याच्या बुकगंगावर परदेशातला मराठी वाचक आधीपासून येतो, ते वगळण्याचं कारण नाही.

एका दुकानाला एकच वाट. कोबोवर थेट खातं असेल तर वितरकाच्या यादीत कोबोची खूण काढलीच पाहिजे, नाहीतर तेच पुस्तक दोनदा दिसतं आणि वाचकांचे अभिप्राय दुभंगतात. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक यातल्या बहुतेक दुकानांना लागत नाही. हवा असेल तर राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, पण छापील पुस्तकाचा क्रमांक ईबुकाला चालत नाही.

युरोपातली दर्शनी किंमत कर धरून असते. जर्मनीत ईबुकवर ७ टक्के व्हॅट आहे, म्हणजे ५.९९ युरोतून कर गेल्यावर ५.६० उरतात आणि ७० टक्के त्याचे: ३.९२. ब्रिटनमध्ये १ मे २०२० पासून ईबुकवर शून्य दर आहे. किंमत डॉलरवरून आपोआप रूपांतरित होऊ देऊ नये. ४.९९ पौंड, ८.९९ ऑस्ट्रेलियन डॉलर अशा तिथे रुळलेल्या किमती हाताने घालाव्यात. आणि एकाही दुकानात किंमत ॲमेझॉनपेक्षा कमी ठेवू नये. तसं दिसलं तर ॲमेझॉन आपली किंमत खाली आणतं आणि रॉयल्टी त्या कमी किमतीवर येते.

आता थेट विक्री. स्वतःच्या पानावरून फाइल विकू देणाऱ्या पेहिप या सेवेच्या मोफत योजनेत विक्रीच्या ५ टक्के जातात. पेपालवर परदेशी रकमेचा सर्वसाधारण दर ४.४ टक्के अधिक ३० सेंट धरला, तर ५.९९ मधून सुमारे ८६ सेंट जाऊन ५.१३ डॉलर उरतात. त्यातून चलनबदलाची घट वेगळी. तरीही हा सर्वात मोठा वाटा आहे, आणि वाचकाचा ईमेल पत्ता त्याच्या संमतीने लेखिकेकडे राहतो, जो कुठलंच दुकान देत नाही. ९९ सेंटची लघुकथा अशी विकू नये, तिचे जवळपास ४० टक्के शुल्कातच जातात. उलट मराठी आवृत्तीही सिलेक्टबाहेर आल्यावर मराठी आणि इंग्रजी मिळून ९.९९ चा जोडसंच ठेवला तर ८.७५ उरतात. परदेशात वाढलेली मुलं इंग्रजीतून आणि आजी-आजोबा मराठीतून एकच कादंबरी वाचतील, अशा घरांना हा संच खरोखर हवा असतो.

इथेच बिलावरच्या नावाचा प्रश्न पुन्हा येतो. युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल वस्तूवर ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो, आणि संघाबाहेरच्या विक्रेत्याला किमान उलाढालीची सूट नाही. पहिल्या प्रतीपासून कर. ब्रिटनमध्येही बाहेरच्याला तशी सूट नाही. पेहिप या दोन्हींचा व्हॅट स्वतः गोळा करून भरतं, म्हणून हे प्रकरण त्या वाटेने न्यायचं. ऑस्ट्रेलियाची मर्यादा ७५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनडाची ३० हजार कॅनेडियन डॉलर. एका कादंबरीला तिथवर पोचायला वेळ आहे. ज्यांना कुठल्याच देशाचा विचार करायचा नाही, त्यांनी बिलावर स्वतः विक्रेता होणारी सेवा निवडावी. तिथे शुल्क जास्त पडतं, डोकेदुखी उरत नाही. आणखी एक खास आपल्याकडची अडचण: पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं बंद केलं. पुण्याच्या वाचकाला त्या पानावर पेपालने पैसे भरता येत नाहीत. त्याच्यासाठी यूपीआय घेणारं वेगळं पान हवं.

अमेरिकेतली कपात आणि इकडचा हिशेब

अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारातल्या कलम १२ नुसार कॉपीराइट रॉयल्टीवर तो १५ टक्के होतो, पण अमेरिकी करखात्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म दुकानाकडे भरला तरच. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन, नाव अगदी पॅनवर आहे तसं, देश भारत. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची गल्लत इथे होते: फॉर्मवर टोपणनाव टाकलं की पडताळणी फसते आणि ३० टक्के कापले जातात. फॉर्म सहीच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षअखेरीपर्यंत चालतो, तारीख नोंदवून ठेवावी. कापलेल्या कराचं श्रेय भारतात घेण्यासाठी १०४२-एस हे कपातीचं प्रमाणपत्र जपून ठेवावं आणि करश्रेयाचा आयकर फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली फॉर्म ६७) वेळेत भरावा.

रॉयल्टी आणि थेट विक्रीचे पैसे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत. आयकराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ च्या कायद्यातली लेखकांसाठीची कलम ८०क्यूक्यूबीची वजावट तीन लाखांपर्यंत, जुन्या करपद्धतीतच, आणि विक्रीमूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंतच्या रॉयल्टीलाच लागू. ७० टक्के रॉयल्टी मिळाली म्हणून सगळी वजा होत नाही. परदेशी रक्कम त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत परकीय चलनात भारतात यायला हवी. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीसाठी दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरावं. भारतातल्या थेट विक्रीत छापील आवृत्ती असलेल्या ईबुकवर ५ टक्के आणि नसलेल्यावर १८ टक्के दर आहे. म्हणजे मराठी आवृत्ती ५ मध्ये आणि छापील रूप नसलेला इंग्रजी अनुवाद १८ मध्ये. नोंदणीची गरज आहे का, हे सीएकडून एकदा लेखी घ्यावं.

वाचकापर्यंत

परदेशातला मराठी वाचक विखुरलेला असला तरी त्याच्या संस्था जुन्या आहेत: महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं. मंडळाच्या वाचनगटाला एक प्रकरण आणि जोडसंचाचं सवलत-कूपन दिवाळीच्या किंवा २७ फेब्रुवारीच्या आधी तीन आठवडे पोचावं. शोधताना हे वाचक बहुधा रोमन अक्षरं टंकतात, म्हणून मराठी आवृत्तीच्या वर्णनात शीर्षक आणि लेखिकेचं नाव रोमन लिपीतही हवं, सगळीकडे एकाच स्पेलिंगने.

वाचनालयासाठी पुस्तक ओव्हरड्राइव्हवर असणं पुरत नाही. तिथल्या सभासदाने आपल्या वाचनालयाकडे मागणी नोंदवावी लागते, तेव्हाच ग्रंथपालाच्या नजरेस ते पडतं. न्यू जर्सीच्या वाचिकेला उत्तर पाठवताना पुस्तकाचं नाव, असल्यास आयएसबीएन आणि वितरकाचं नाव तयार लिहून द्यावं.

थेट विकलेल्या प्रत्येक फाइलीबरोबर एक पानी सूचना जावी, मराठीत आणि इंग्रजीत: आयफोनवर फाइलवर बोट ठेवून 'बुक्स'मध्ये उघडा, अँड्रॉइडवर गूगल प्ले बुक्समध्ये अपलोड करा, किंडल असेल तर 'सेंड टू किंडल'च्या पानावर हीच ईपब फाइल टाका, वेगळी मोबी फाइल लागत नाही. 'फाइल उघडत नाही' ही तक्रार फाइलीत दोष नसतानाही येते, आणि हे पान सोबत नसलं की तिचं रूपांतर पैसे परत मागण्यात होतं.